बाबांचे मिस्टर क्रॉफ्टली

शेजारच्या देशातली जंगलं जळून त्यांचा धूर सिंगापूरवर आला नसता, तर बाबांनी ती इंग्रजी मालिका कधीच पाहिली नसती. हेझचे दिवस होते. समोरचा ब्लॉक पुसट झालेला, नाकात सतत जळक्या लाकडाचा वास, आणि सगळ्यांना एकच सूचना: घरात बसा, खिडक्या लावून घ्या. बेडोकच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये खिडक्या लावून बसणं ही शिक्षा होती. एरवी त्या खिडक्यांतून सगळं जग आत यायचं. पहाटे कोकीळ ओरडायचा. इथला कोकीळ वसंतबिसंत काही पाळत नाही, बारा महिने ओरडतो, आणि ब्लॉकमधली माणसं त्याच्याविरुद्ध तक्रारी करतात. मग एमआरटीची गाडी धडधडत जायची, दुपारी रद्दीवाला भोंगा वाजवत खालून फिरायचा. शेजारच्या आंटींनी सुक्या कोळंबीचा मसाला परतायला घेतला की आई इरेला पेटून लसणीची फोडणी टाकायची, आणि कॉरिडॉरमधून जाणारा माणूस दोन्ही वासांनी शिंकायचा. हे सगळं बंद झालं आणि आम्ही तिघं एका खोलीत, एका पंख्याखाली, एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.

बाबा चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या कामाला होते. ठेवींवरचं व्याज काढणारा जो प्रोग्रॅम असतो, तो बिघडू नये म्हणून जी माणसं नेमलेली असतात, त्यांच्यातले ते एक. सरळ माणूस. त्यांना कुणी 'या कधीतरी घरी' म्हटलं की ते खरंच पत्ता विचारत. आई पुण्यातल्या शाळेत मराठी शिकवायची. इथे येताना नोकरी सुटली आणि हातात डिपेंडंट पास आला. "अवलंबित," ती त्या पासाकडे बघून म्हणायची, "केवढा मान." तिचं बोलणं सगळं असंच. मी पाच वर्षांची असताना सिंगापूरला आले, शाळा इंग्रजी, मैत्रिणी चिनी आणि मलय, त्यामुळे मराठी मला येत होती पण तिच्या आतल्या गाठी येत नव्हत्या. एकदा मी दुधाचं पातेलं उलटं केलं तेव्हा आई म्हणाली, "वा, फार कामाची गं माझी बाई." मी दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं, की माझी आई मला कामाची म्हणते. 'शहाणीच आहेस' ही शाबासकी नाही, हे मला कळायला प्राथमिक शाळा संपत आली होती. आता माझ्याच घरात मी हे शब्द वापरते आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघते, कळलं की नाही ते.

सेकंडरी टूचं, म्हणजे आपल्या आठवीचं, वर्ष संपताना पुढचे विषय निवडायचे असतात. मला लिटरेचर हवं होतं. दुसरं काही इतक्या ठामपणे मला त्याआधी हवं झालं नव्हतं. बाबांचं म्हणणं, एक सायन्स जास्तीचं घ्यावं. "गोष्टी वाचायला शाळा कशाला लागते? एमआरटीत वाच की," ते म्हणाले. ते ओरडत नसत, पण एकदा त्यांच्या डोक्यात हिशेब बसला की बसला. मी रडले, जेवले नाही. आईने पिठलं केलं होतं, ते मुद्दाम माझ्या नाकाखाली ठेवलं आणि म्हणाली, "उपाशी राहिलीस तर लगेच मिळेल हो विषय." तेवढं मला कळलं.

बाबांचा एक गुण होता. न बघता नाही म्हणायचं त्यांना पटत नसे. "काय शिकवतात ते बघतो आणि मग ठरवतो," असं म्हणून त्यांनी माझ्याकडून आमच्या वर्गात लावलेली कादंबरी मागून घेतली. तिचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्याला ती वाचायची असेल त्याने आधी बाबांची गोष्ट ऐकून मग वाचायला घेऊ नये, असं मला वाटतं. जुनी इंग्रजी कादंबरी, एका लहान गावातली. त्या गावात मिस्टर क्रॉफ्टली नावाचे एक निवृत्त अधिकारी राहतात आणि जो भेटेल त्याला उपदेश करतात. छत्री कशी मिटावी, विधवेशी कोणत्या आवाजात बोलावं, पायपुसण्यावर पाय किती वेळ घासावेत. लेखक त्यांची एका ओळीतही निंदा करत नाही. प्रत्येक प्रकरणात त्यांची थोरवी गातो, इतकी गातो की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. आमच्या वर्गात मिस लिम ती मोठ्याने वाचून दाखवत आणि वाचता वाचता त्यांच्याच डोळ्यांतून पाणी यायचं.

बाबांनी ती एमआरटीत उघडली आणि दोन स्टेशनं जायच्या आत त्यांना झोप लागली. त्यांचं इंग्रजी ऑफिसातलं. लांबलचक वाक्यांची त्यांना सवय नव्हती. मग त्यांना कळलं, की या पुस्तकावर टीव्हीची मालिकाही निघाली आहे. बेडोकच्या लायब्ररीतून ते तिच्या डीव्हीडी घेऊन आले, आणि हेझच्या त्या कोंडलेल्या शनिवार-रविवारी आम्ही ती बघायला बसलो.

इथे एक सांगायला हवं. पुस्तकातली सगळी गंमत लेखकाच्या आवाजात आहे. मालिकेतून तो आवाज गेला होता. उरले नुसते मिस्टर क्रॉफ्टली: उंच, पांढरे कल्ले, जड गोड आवाज, ताठ पाठ. आणि ते बोलायला लागले की मागे हळुवार व्हायोलिन वाजायचं. मालिका करणाऱ्यांना ते व्हायोलिनही थट्टेचंच वाटत असणार. पण बाबा मराठी मालिकांवर आणि त्याआधी नाटकांवर वाढलेले. त्यांच्या हिशेबी वयस्क माणूस सावकाश बोलू लागला आणि मागे व्हायोलिन किंवा बासरी वाजली की तो माणूस चांगला. वाईट माणूस आला की ढोलकं बडवतात, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. पहिला भाग संपला तेव्हा ते पुढे सरकून बसले होते.

"काय माणूस आहे," ते म्हणाले. "असं लिहिणारे लोक आता राहिले नाहीत."

मी माझ्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "बाबा, इट्स नॉट लाइक दॅट लाह. ते विनोदी आहे."

"विनोदी आहेच. बाकीची गावातली माणसं किती बावळट दाखवलीत बघ. एकाला धड छत्री मिटता येत नाही."

मी आईकडे पाहिलं. ती पेपरवर कोथिंबीर निवडत होती, पडद्यावर खाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचत होती, आणि ओठ दाबून बसली होती. स्वयंपाकघरात मी तिला म्हटलं, की तू सांग ना त्यांना. ती म्हणाली, "राहू दे. त्यांना इथे इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आवडलंय. आणि तुझा विषयही त्यातच अडकलाय, बघ."

आवडलं म्हणजे काय, बाबांनी मिस्टर क्रॉफ्टलींना घरात घेतलं. जेवताना त्यांची वाक्यं यायला लागली. 'ओली छत्री ही घाईची कबुली असते' हे त्यांचं एक वाक्य होतं. विचारी माणसाने पाऊस येण्याआधी निघावं किंवा थांबल्यावर निघावं. सिंगापूरमध्ये हे पाळायचं तर माणूस घरातून हलणारच नाही, पण बाबांनी ते ऑफिसात सांगितलं. सांगितलं म्हणजे, त्यांच्या हाताखालच्या एका फिलिपिनो मुलाला भिजून आल्यावर ऐकवलं. तो म्हणे बराच वेळ विचार करत उभा राहिला.

मग पुराचा भाग आला. गावच्या नदीला पूर येतो, लोक टेकडीवरच्या सभागृहात आसरा घ्यायला धावतात, आणि मिस्टर क्रॉफ्टली दारात उभं राहून प्रत्येकाला आधी पायपुसण्यावर नीट पाय पुसायला लावतात. रांग लागते. एक म्हातारी कुडकुडत उभी आहे, बेकरीवालीची पिठाची पोती मागे वाहून चालली आहेत, आणि हे शांतपणे सांगताहेत, की टाच राहिली, टाच. व्हायोलिन. पुस्तकातलं ते प्रकरण वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता, कारण तिथे हसू थांबतं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अण्णा," ते म्हणाले. "हुबेहूब अण्णा."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. वाईजवळच्या एका लहान गावात ते पोस्टमास्तर होते. मी त्यांना पाहिलेलं नाही. मला ते बाबांच्या सांगण्यातून माहीत. त्या दिवशी बाबांनी मालिका थांबवून सांगितलं, की एका पावसाळ्यात ओढा चढून पाणी बाजारपेठेत शिरलं होतं. पोस्ट उंचावर, म्हणून लोक तिथे आले. अण्णांनी त्यांना आत घेतलं, पण एकेकाला ओळीत उभं करून, चपला बाहेर काढायला लावून, त्यांची तोंडं एका दिशेला करून. "संकटात माणूस शिस्त सोडतो आणि मग जनावर होतो, असं ते म्हणायचे. गावात त्यांना काय म्हणायचे माहितेय? जनरलसाहेब. पोस्टमास्तर जनरल. अण्णा रस्त्याने निघाले की वाण्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे उठून उभे राहायचे. आले जनरलसाहेब, म्हणायचे." आईची कोथिंबीर संपली होती तरी ती काड्या निवडत राहिली.

मालिका संपली त्या संध्याकाळी बाबांनी निकाल दिला. लिटरेचर घ्यायला त्यांची हरकत नव्हती. "असे संस्कार शिकवत असतील तर सायन्स एक कमी चालेल," ते म्हणाले. मी उडी मारली. आनंदात थोडी भीतीही होती, कारण शाळेत पालकांची भेट व्हायची होती आणि तिथे बाबा मिस लिमना भेटणार होते.

तोवर धूर ओसरून पाऊस सुरू झाला होता. भेटीच्या दिवशी आम्ही तिघं तयार होऊन दाराशी उभे, आणि बाबा पाऊस थांबेपर्यंत निघेनात. त्यामुळे पोचायला उशीर झाला. मिस लिम तरुण होत्या, आखूड केसांच्या, नेहमी घाईत. बाबांनी त्यांची माफी मागितली आणि आपली कोरडी छत्री पुढे धरून त्यांच्या ऑफिसच्या इंग्रजीत, ताठ उभं राहून, ते वाक्य म्हटलं. ओली छत्री ही घाईची कबुली असते.

मिस लिम खदखदून हसल्या. तोंडावर हात ठेवून हसल्या. "ओ माय गुडनेस, मिस्टर साळुंखे, तुम्ही त्याची काय नक्कल करता!" त्यांनी पलीकडच्या टेबलावरच्या सरांना हाक मारली आणि बाबांना पुन्हा म्हणायला सांगितलं. बाबांना वाटलं, वाक्य आवडलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, आणखी सावकाश, आणि पुराच्या वेळचं टाचेचं वाक्यही जोडलं. ते सरही हसले. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. मी काहीतरी बोलून विषय बदलायला बघत होते, पण मिस लिम माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आता कळलं, मुक्ताला सटायर इतकं चांगलं कसं समजतं ते. घरातच आहे."

बाबा अजून हसतच होते. "सटायर," ते म्हणाले.

"हो ना. असा फुगलेला मूर्ख म्हातारा, आणि लेखक शेवटपर्यंत त्याची स्तुती करत राहतो. मुलांना हे समजवायला मला किती वेळ लागतो."

"येस," बाबा म्हणाले. "येस, येस. ऑफ कोर्स." आणि त्यांनी छत्री खाली केली. माझ्या बाबांना मी त्यांच्या आयुष्यात पुष्कळ वेळा हरताना पाहिलं, नोकरीत, शेवटी आजारपणात. पण त्या 'ऑफ कोर्स'इतकं वाईट मला कधी वाटलं नाही. मिस लिमचा काही दोष नव्हता. त्यांनी तर त्यांना विनोदी माणूस समजून मान दिला होता.

परतताना आम्ही डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर बसलो. बाबा काचेतून बाहेर बघत होते. मग त्यांनी आईला विचारलं, "पण त्यात त्याला कुठे वाईट म्हटलंय?"

"अहो, व्याजस्तुती आहे ती," आई म्हणाली. तिने हे तिच्या नेहमीच्या तिरक्या आवाजात म्हटलं नाही. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला सांगावं तसं म्हटलं. "वरून स्तुती, आतून निंदा. शाळेत अलंकार होते ना आपल्याला?"

मी विचारलं, "व्याज म्हणजे इंटरेस्ट?"

"नाही," बाबा म्हणाले. "व्याज म्हणजे सोंग. बहाणा." इंग्रजीत इतके आठवडे न कळलेली गोष्ट त्यांना मराठीच्या एका शब्दात कळली होती. त्यांनी चेहरा पुन्हा काचेकडे वळवला. बस आमच्या थांब्यावर आली तेव्हा आम्हाला त्यांना हलवावं लागलं.

घरी न जाता ते सरळ हॉकर सेंटरकडे, खाण्याच्या दुकानांच्या मंडपाकडे, वळले. आम्ही मागोमाग गेलो. आईने नेहमीच्या दुकानातून च्वी क्वे आणले. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वाट्या, वर खारवलेल्या मुळ्याचा चुरा आणि मिरची. एरवी बाबा त्यांना उकडीच्या निवगऱ्यांच्या चिनी बहिणी म्हणत आणि माझ्या वाटणीच्याही खात. त्या दिवशी त्यांनी नुसती कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेतली. आजूबाजूला थाळ्या आपटत होत्या, कुणीतरी हॉक्कियन या चिनी बोलीत ऑर्डर ओरडत होतं.

"जनरलसाहेब," ते म्हणाले. मग आईकडे वळले. "तू लग्न होऊन आलीस तेव्हा अण्णा होते. बाहेरून आलेल्या माणसाला कळतं. ते जनरलसाहेब म्हणायचे, ते कसं म्हणायचे?"

आईला खोटं बोलता आलं असतं. मला वाटतं, दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तिने एक टोमणा मारून ते उडवून लावलं असतं. तिने चमचा खाली ठेवला. "हसायचे," ती म्हणाली. "पाठ वळली की हसायचे. त्यांच्या चालण्याची नक्कल करायचे. आणि पत्र वाचून घ्यायचं असलं, अर्ज लिहून घ्यायचा असला, की त्यांच्याकडेच यायचे. दोन्ही करायचे."

"त्या पावसात?"

"त्याची गोष्ट मला वाण्याच्या बायकोने सांगितली. तिचं तान्हं पोर भिजत होतं म्हणाली, आणि अण्णा चपला सरळ करायला लावत होते. ती हसून नाही सांगितली तिने."

बाबांनी मान हलवली. ते रडले नाहीत. मला त्यांचा हात धरावासा वाटला, आणि आमच्या घरात तशी पद्धत नव्हती तरी मी धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही. आता मागे वळून बघताना वाटतं, माझ्यासाठी लिटरेचर हा विषय तिथे, त्या चिकट टेबलाशी सुरू झाला. वर्गात मिस लिम जे शिकवत होत्या ती त्याची फक्त एक बाजू होती. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की आता बाबा विषयाला नाही म्हणणार, आणि म्हणाले तर मी वाद घालू शकणार नाही. ज्या पुस्तकाने त्यांच्याकडून त्यांचे वडील काढून घेतले ते पुस्तक मला शिकू द्या, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

कोपी निवली. ती त्यांनी तशीच एका घोटात संपवली आणि मला विचारलं, "त्या क्रॉफ्टलीला मूलबाळ आहे का? पुस्तकात?"

मी आठवून बघितलं. "नाही."

"मालिकेतही नव्हतं."

"लेखकाने त्याला कुणीच दिलेलं नाही, बाबा. बायकोसुद्धा नाही."

"नसणारच," बाबा म्हणाले. "मुलगा दिला असता तर लेखकाला हे लिहिता आलं नसतं." मग त्यांनी आईच्या पुढ्यातली बशी माझ्याकडे सरकवली. "घे तू तो विषय. पण कुणाला हसायच्या आधी बघत जा, मागे त्याचा मुलगा उभा आहे का."